बंद पेटीतील दप्तर

कोणत्याही कार्यालयाचे वा शाळेचे जुने कपाट उघडले, की रजिस्टरांच्या आणि गठ्ठ्यांच्या मागे कोठेतरी एक खोका सापडतो. त्यात सीडी असतात, काही डीव्हीडी असतात, क्वचित जुन्या संगणकातून काढून ठेवलेली एखादी हार्ड डिस्कही असते. वर पेनाने 'बॅकअप' एवढा एकच शब्द आणि फार तर वर्ष लिहिलेले असते. ज्या लिपिकाने तो बॅकअप घेतला त्याची बदली झालेली असते अथवा तो सेवानिवृत्त झालेला असतो. ज्या संगणकावर घेतला तो निर्लेखित होऊन लिलावात निघून गेलेला असतो. खोका मात्र जागेवर असतो आणि अभिलेख सुरक्षित असल्याचा शेरा नोंदवहीत असतो.

या शेऱ्याची कसोटी एखाद्या सामान्य प्रसंगी लागते. समजा, एखाद्या ग्रामस्थास वीस वर्षांपूर्वीच्या करआकारणीची, म्हणजे नमुना ८ मधील नोंदीची, प्रत हवी आहे. कागदी नोंदवही पावसाळ्यात भिजून खराब झाली आहे, पण त्या काळी संगणकावर नोंदी घेतल्या होत्या व त्यांचा बॅकअपही घेतला होता. सीडी संगणकात घातली, तर तीवर काही शेकडो मेगाबाइटची एकच फाइल दिसते. तिच्या नावामागे 'एनआरजी', 'बीकेएफ' किंवा 'जीएचओ' अशी तीन अक्षरे आहेत. फाइल शाबूत आहे, सीडीवर ओरखडाही नाही, परंतु आजचा संगणक ती उघडण्यास असमर्थ आहे. माहिती नष्ट झालेली नाही, ती पेटीत बंद आहे आणि पेटीची किल्ली ज्या सॉफ्टवेअरमध्ये होती ते सॉफ्टवेअर आता कार्यालयात नाही.

महाराष्ट्रातील अभिलेखांच्या क्षेत्रात असा अनुभव अगदीच नवा म्हणता येणार नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागदांचे रुमाल आजही वाचले जातात. मोडी वाचणारे थोडे राहिले, ही अडचण खरी. पण मोडीची वळणे कोणाच्या मालकीची नव्हती. ती शिकविता येत होती व आजही शिकविता येतात. म्हणूनच गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध होऊ शकले. संगणकीय बॅकअपची स्थिती याहून बिकट होऊ शकते. त्याची 'लिपी' एखाद्या कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरपुरती ठरविलेली असते, ती बहुधा प्रसिद्ध केलेली नसते आणि कंपनीने ते उत्पादन बंद केले की ती शिकविणाराही उरत नाही. अशा खाजगी रचनेतील फाइल सर्वांना खुल्या असलेल्या, प्रमाणित रचनेत वेळीच उतरवून घेणे हा यावरील उपाय होय. हे काम कसे चालते व त्यात चूक कोठे होते, हे समजण्यासाठी प्रथम सीडीवर काय लिहिलेले असते ते पाहावे लागेल.

सीडी आणि तिची प्रतिमा

सीडीवरील माहिती आतून बाहेर जाणाऱ्या एका अखंड सर्पिल मार्गावर लिहिलेली असते. या मार्गाचे सारख्या मापाचे तुकडे पाडलेले असतात, त्यांस सेक्टर म्हणतात. प्रत्येक सेक्टरमध्ये २,३५२ बाइट मावतात. संगणकीय माहितीच्या नेहमीच्या सीडीत त्यांपैकी २,०४८ बाइट प्रत्यक्ष माहितीसाठी असतात. आरंभीचे १६ बाइट सेक्टरचा प्रारंभ व क्रमांक ओळखण्यासाठी आणि शेवटचे २८८ बाइट मुख्यत्वे चूक शोधण्यासाठी व ती दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवलेले असतात. लहानसहान ओरखडे पडूनही सीडी बिनचूक वाचली जाण्यास हे राखीव बाइटही हातभार लावतात.

सीडी मुळात संगीतासाठी निर्माण झाली. त्यामुळे तिच्यावरील अंतर आजही वेळेत मोजले जाते. एका सेकंदास ७५ सेक्टर, या हिशेबाने ७४ मिनिटांच्या सीडीवर ३,३३,००० सेक्टर होतात व त्यांत ६८,१९,८४,००० बाइट माहिती मावते. सेकंदाला ७५ हा आकडा पुढे उपयोगी पडणार आहे.

सीडी संगणकासाठी वापरू लागल्यावर प्रत्येक कंपनी तीवर फाइली आपल्या पद्धतीने मांडू लागण्याचा धोका होता. तो टाळण्यासाठी नोव्हेंबर १९८५मध्ये अमेरिकेतील लेक टाहो येथील हाय सिएरा नावाच्या हॉटेलात या उद्योगातील कंपन्यांचे प्रतिनिधी एकत्र आले. त्यांनी तयार केलेला मसुदा त्या हॉटेलच्या नावानेच ओळखला गेला. १९८६मध्ये युरोपीय संगणक उत्पादक संघाने तो थोड्या फरकाने 'एक्मा ११९' या क्रमांकाचे मानक म्हणून स्वीकारला आणि १९८८मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने त्यास ९६६० हा क्रमांक दिला. 'आयएसओ फाइल' हे आजचे रूढ नाव या क्रमांकावरून आले आहे. एक्मा ११९ची प्रत कोणासही विनामूल्य मिळते. एखादी कंपनी बुडाली वा तिने धंदा बदलला, तरी या मानकानुसार लिहिलेली सीडी वाचणारे सॉफ्टवेअर नव्याने लिहिता येते, ही गोष्ट शासकीय अभिलेखाच्या दृष्टीने मोलाची आहे.

सीडीच्या सर्व सेक्टरांतील २,०४८ बाइटांचे तुकडे एकामागून एक, एकही न गाळता व पदरचे काही न घालता, एका फाइलमध्ये उतरविले की त्या सीडीची आयएसओ प्रतिमा तयार होते. या फाइलला स्वतःचे असे वेगळे वेष्टन नसते. पहिले १६ सेक्टर मानकाने मोकळे सोडले आहेत. त्यानंतरच्या, म्हणजे शून्यापासून मोजल्यास १६ क्रमांकाच्या, सेक्टरमध्ये त्या सीडीचे वर्णन असते. १६ गुणिले २,०४८ म्हणजे ३२,७६८. त्या बाइटमध्ये वर्णनाचा प्रकार आणि ३२,७६९व्या बाइटपासून पुढे 'सीडी००१' अशी पाच अक्षरांची खूण असते. याच वर्णनात सीडीवर एकूण किती तुकडे आहेत तो आकडा लिहिलेला असतो. गंमत अशी, की तो दोनदा लिहिलेला असतो, एकदा डावीकडून उजवीकडे आणि एकदा उलट बाइटक्रमाने. त्या काळचे काही संगणक आकडे एका क्रमाने वाचीत, काही दुसऱ्या. समितीने कोणाचाच क्रम डावलला नाही. हा आकडा २,०४८ने गुणला की प्रतिमा किती मोठी असावयास हवी ते कळते. आलेली फाइल त्याहून लहान असेल, तर ती अपुरी आहे असे निःशंकपणे समजावे.

शेवटी पुष्पिका असलेली फाइल

सीडी लिहिण्याच्या सॉफ्टवेअरपैकी 'निरो' हे जर्मन सॉफ्टवेअर भारतात अतिशय प्रचलित होते. अनेक संगणकांबरोबर सीडी लिहिण्याचे यंत्र घेतले की ते सोबतच मिळे. सीडी लगेच न लिहिता तिची प्रतिमा साठवून ठेवावयाची झाल्यास ते 'एनआरजी' या स्वतःच्या रचनेत ती साठवीत असे. जुन्या कपाटांतून या फाइली मोठ्या संख्येने निघण्याचे कारण हेच.

या रचनेचा उलगडा इतर प्रोग्रामरांनी फाइलींतील बाइट तपासून केला आणि तो सोपा निघाला. हस्तलिखित पोथीत लेखकाचे नाव, शक व स्थळ शेवटी पुष्पिकेत असते. एनआरजी फाइलचेही तसेच आहे. तिची ओळख आरंभी नसून अखेरीस असते. नव्या प्रकारच्या फाइलीच्या शेवटच्या बारा बाइटांत प्रथम 'एनईआर५' ही चार अक्षरे आणि नंतर आठ बाइटांचा एक आकडा असतो. फाइलीतील वर्णनाचा भाग कोठून सुरू होतो ते हा आकडा सांगतो. जुन्या प्रकारात शेवटची बाइट आठच असतात व अक्षरे 'निरो' अशी असतात. त्या वर्णनात कोणता ट्रॅक कोठे सुरू होतो, कोठे संपतो आणि त्याचे सेक्टर किती बाइटांचे आहेत, हे नमूद असते.

मूळ माहिती मात्र त्याच्या आधी, जशीच्या तशी असते. नेहमीच्या एका ट्रॅकच्या डेटा सीडीच्या बाबतीत फरक एवढाच, की आरंभी दोन सेकंदांची रिकामी जागा साठविलेली असते. सीडीच्या प्रत्येक पहिल्या ट्रॅकपूर्वी अशी दोन सेकंदांची शांतता सोडण्याचा दंडक संगीताच्या काळापासूनचा आहे. सेकंदाला ७५प्रमाणे दोन सेकंदांचे १५० सेक्टर, आणि १५० गुणिले २,०४८ म्हणजे ३,०७,२०० बाइट. फाइलीच्या आरंभीचे एवढे बाइट वगळले आणि शेवटची पुष्पिका सोडून दिली, की उरते ती शुद्ध आयएसओ प्रतिमा. 'एनआरजी२आयएसओ' नावाचा मोफत मिळणारा छोटा प्रोग्राम आरंभीचा हा भाग कापून देतो. युनिक्स व लिनक्स प्रणालींवर 'डीडी' या जुन्या आज्ञेनेही ते साधते. पुष्पिका मागे तशीच राहिली, तरी आयएसओ वाचणारे सॉफ्टवेअर वर्णनातील आकड्यापलीकडे पाहत नसल्याने बाध येत नाही. परंतु अभिलेख म्हणून ठेवावयाच्या प्रतीत ती नसावी.

कापण्यापूर्वी खात्री करून घेण्याचा मार्गही याच हिशेबातून निघतो. आयएसओमध्ये 'सीडी००१' ही खूण ३२,७६९व्या बाइटपासून असते. म्हणून एनआरजीमध्ये ती ३,०७,२०० बाइट पुढे, ३,३९,९६९व्या बाइटपासून, सापडावयास हवी. फाइलीतील बाइट दाखविणारे कोणतेही साधे साधन यासाठी पुरते. खूण तेथे सापडली नाही, तर कात्री चालवू नये. सेक्टर पूर्ण २,३५२ बाइटांचे साठविले असतील, सीडीवर एकाहून अधिक ट्रॅक असतील किंवा ती अनेक बैठकांत टप्प्याटप्प्याने लिहिलेली असेल. अशा वेळी सेक्टरचे माप स्वतः ओळखणारा 'आयएटी'सारखा प्रोग्राम वापरावा.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. फाइलीच्या नावामागील 'एनआरजी' ही अक्षरे पुसून 'आयएसओ' लिहिल्याने रूपांतर होत नाही. खोक्यावरील चिठ्ठी बदलल्याने आतील वस्तू बदलत नाही, एवढे साधे हे आहे. तरीही नाव बदलून काम झाल्याचा अहवाल देण्याचा प्रकार घडतो. फाइल नंतर उघडली नाही की सीडीच खराब होती असा निष्कर्ष काढला जातो. असा अहवाल न दिलेला बरा, कारण त्याच्या आधारे मूळ प्रत नष्ट करण्याची परवानगी दिली जाण्याचा संभव असतो.

'अल्कोहोल १२०%' या सॉफ्टवेअरच्या 'एमडीएफ' फाइलींचा प्रकार थोडा निराळा आहे. तिच्यासोबत 'एमडीएस' ही लहानशी जोडफाइल असते व वर्णन तिच्यात असते. म्हणून या दोन फाइलींची ताटातूट होऊ देऊ नये. सीडीवरून घेतलेल्या एमडीएफमध्ये पुष्कळदा पूर्ण २,३५२ बाइटांचे सेक्टर असतात आणि कधी त्यांस आणखी ९६ बाइटांची शेपटी जोडलेली असते. रूपांतरात प्रत्येक सेक्टरच्या आरंभीचे १६ बाइट सोडून पुढचे २,०४८ उचलावे लागतात. डीव्हीडीच्या बाबतीत ही अडचण नसते, तिचे सेक्टर संगणकाला २,०४८ बाइटांचेच मिळतात. त्यामुळे डीव्हीडीची एमडीएफ फाइल अनेकदा आयएसओच असते आणि एवढ्या एका ठिकाणी नाव बदलणे पुरेसे ठरते. तेही 'सीडी००१'ची खूण पाहिल्यानंतरच.

संगीताच्या वा भाषणांच्या ध्वनिमुद्रणाची सीडी मात्र आयएसओमध्ये बसत नाही. तिच्यात फाइली नसतात, २,३५२ बाइटांचे सेक्टर ध्वनीनेच भरलेले असतात. शाळेच्या जुन्या स्नेहसंमेलनाचे किंवा ग्रामसभेचे ध्वनिमुद्रण अशा सीडीवर असल्यास ते स्वतंत्र ध्वनिफाइलींत उतरवावे.

बॅकअप म्हणजे प्रतिमा नव्हे

आतापर्यंतच्या फाइलींत मूळ माहिती जशीच्या तशी होती, तिला फक्त वेष्टन होते. कार्यालयीन बॅकअपच्या अनेक फाइली या वर्गात मोडत नाहीत. त्यांत माहिती दाबून लहान केलेली, नव्या क्रमाने रचलेली, कधी तुकड्यांत वाटलेली आणि कधी परवलीच्या शब्दाने कुलूपबंद केलेली असते. कात्रीने येथे काम होत नाही. ज्या सॉफ्टवेअरने ती बांधली, त्यानेच किंवा ती रचना जाणणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरने ती सोडवावी लागते.

'बीकेएफ' फाइली विंडोज एक्सपीपर्यंतच्या प्रणालींत असलेल्या 'एनटीबॅकअप' या सोयीने तयार होत. ही रचना मायक्रोसॉफ्टने चुंबकीय फितीसाठी आखलेल्या पद्धतीवर आधारलेली आहे. म्हणून ती फाइल डिस्कवर असूनही फितीप्रमाणे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाचली जाते. पुढील विंडोज व्हिस्टामध्ये ही सोय नव्हती. जुने बॅकअप केवळ सोडविण्यासाठी मायक्रोसॉफ्टने स्वतंत्र साधन दिले होते, नवे घेण्यासाठी नव्हे. एक्सपीला कंपनीकडून मिळणारा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. ज्या कार्यालयांत एक्सपीचे संगणक होते आणि बॅकअप नियमितपणे घेतले जात होते, तेथेच या फाइलींचा साठा अधिक असतो. शिस्तीने काम करणाऱ्यांवर ही अडचण अधिक यावी, हे थोडे अन्यायाचेच आहे.

'जीएचओ' फाइली 'घोस्ट' या सॉफ्टवेअरच्या. त्याचा उगम १९९०च्या दशकाच्या मध्यास न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे झाला. १९९८मध्ये अमेरिकेतील सिमँटेक कंपनीने ते विकत घेतले आणि 'नॉर्टन घोस्ट' या नावाने ते जगभर पोहोचले. संगणकाची संपूर्ण हार्ड डिस्क, प्रणाली व सॉफ्टवेअरसह, एका फाइलीत उतरवून दुसऱ्या संगणकावर तशीच उभी करणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. शाळांच्या संगणक कक्षांत एकसारखे अनेक संगणक एका दिवसात सज्ज करण्यासाठी ते फार सोयीचे होते. नॉर्टन घोस्टची विक्री ३० एप्रिल २०१३ रोजी थांबली. घोस्ट साधारणपणे डिस्कवरील वापरात असलेलाच भाग उचलतो, रिकामी जागा सोडून देतो. फाइल मोठी झाल्यास तिचे 'जीएचएस' या नावाचे पुढील तुकडे पाडतो. त्यांतील एक तुकडा गहाळ झाला तर संपूर्ण डिस्क पुन्हा उभी करता येत नाही. खोक्यातील सीडींवर १, २, ३ असे क्रमांक दिसले व मधला एक नसला, तर तो प्रथम शोधावा. इतर काम नंतर.

अशा बॅकअपच्या रूपांतराचे दोन मार्ग आहेत आणि कोणता निवडावा हे काय जतन करावयाचे यावर ठरते. केवळ कागदपत्रे हवी असतील, म्हणजे ठराव, याद्या, तक्ते, छायाचित्रे, तर बॅकअप सोडवून त्यातील फाइली एका फोल्डरमध्ये काढाव्यात आणि त्या फोल्डरची नवी आयएसओ प्रतिमा तयार करावी. घोस्टच्या बाबतीत त्याच्याच 'घोस्ट एक्सप्लोरर' या साधनाने फाइलींची यादी पाहता येते व हव्या त्या फाइली बाहेर काढता येतात. परंतु ज्या कार्यालयाच्या नोंदी एखाद्या जुन्या लेखा अथवा कर प्रणालीत भरलेल्या आहेत, तेथे नुसत्या फाइली काढून भागत नाही. ते सॉफ्टवेअर चालू स्थितीत असल्याविना नोंदी दिसत नाहीत. तेथे संपूर्ण डिस्कच पुन्हा उभी करणे भाग असते.

त्यासाठी आता जुना संगणक शोधण्याची गरज नाही. आजच्या संगणकावर विशिष्ट सॉफ्टवेअरच्या साहाय्याने 'आभासी संगणक' निर्माण करता येतो. त्याची हार्ड डिस्क म्हणजे खऱ्या संगणकावरील एक मोठी फाइल असते. या आभासी संगणकास एक कोरी आभासी डिस्क जोडावयाची, कार्यालयाकडे परवान्यासह असलेल्या जुन्या घोस्टच्या सीडीवरून तो सुरू करावयाचा आणि जीएचओ फाइल त्या कोऱ्या डिस्कवर उतरवावयाची. नंतर ती आभासी डिस्क 'कच्च्या प्रतिमेत' बदलावयाची. कच्ची प्रतिमा म्हणजे पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत डिस्कची नक्कल, वेष्टनाविना. 'क्यूईएमयू' या खुल्या प्रकल्पातील प्रतिमा बदलण्याचे साधन हे काम एका आज्ञेत करते. 'व्हीएचडी' या प्रकारातील ठराविक आकाराची आभासी डिस्क तर स्वतःच जवळजवळ कच्ची प्रतिमा असते, तिच्या अखेरीस केवळ ५१२ बाइटांची नोंद जोडलेली असते. निरोच्या पुष्पिकेचीच आठवण व्हावी. फरक असा, की व्हीएचडीची रचना मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केली आणि २००६मध्ये ती सर्वांना वापरण्यास खुली केली.

संपूर्ण हार्ड डिस्कला आयएसओ प्रतिमेचे रूप देण्याचा आग्रह काही ठिकाणी धरला जातो, तो योग्य नव्हे. आयएसओ ही सीडीची मांडणी आहे. हार्ड डिस्कसाठी कच्ची प्रतिमा आणि सुट्या फाइलींसाठी आयएसओ, असे धोरण ठेवावे. जुनी प्रणाली आभासी संगणकात चालू केली, तर तिला इंटरनेट जोडू नये. एक्सपीच्या काळातील प्रणालीत आजच्या धोक्यांपासून संरक्षण नाही.

मराठी नावे आणि जुने फाँट

आयएसओ ९६६०च्या मूळ नियमानुसार फाइलीचे नाव आठ अक्षरांचे व त्यापुढील ओळख तीन अक्षरांची, आणि तीही इंग्रजी मोठी अक्षरे, अंक व अधोरेखा एवढ्यांतच लिहावी लागे. त्यात मराठी नावाला जागा नव्हती. १९९५मध्ये मायक्रोसॉफ्टने 'जोलिएट' नावाची पुरवणी आणली आणि तिच्यामुळे युनिकोडमधील ६४ अक्षरांपर्यंतची नावे देता येऊ लागली. जतनासाठी नवी प्रतिमा करताना ही पुरवणी चालू ठेवावी. ती विसरल्यास देवनागरी नावांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात आणि दोनशे ठरावांतून हवा तो शोधणे अवघड होते. येथे अक्षर म्हणजे डोळ्यांना दिसणारे अक्षर नव्हे. काना, मात्रा, अनुस्वार व हलंत हे सर्व वेगळे मोजले जातात. 'ग्रामपंचायत' हा शब्द दिसतो सहा अक्षरांचा, भरतो अकरा. फार लांब नावे कापली जाऊ नयेत म्हणून ती अगोदरच आटोपशीर करून त्यांची यादी ठेवावी. एकेक फाइल चार जीबीहून मोठी असेल, तर 'यूडीएफ' ही नंतरची मांडणी अधिक सोयीची पडते.

प्रतिमा उघडली, फाइल सापडली, तरी मजकूर वाचता येईलच असे नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएमद्वारे 'सुरेख'सारख्या फाँटांत, किंवा 'श्रीलिपी' व 'आकृती' यांच्या फाँटांत टंकलिखित होत असे. त्या फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे संकेतांक असतात व फाँट त्यांना मराठी रूप देतो. फाँट नसला की मजकूर अर्थहीन दिसतो. पेटी उघडावी आणि आत दुसरी कुलूपबंद पेटी निघावी, असा हा प्रकार. म्हणून ज्या संगणकावरून बॅकअप सोडविला जाईल त्यावरील फाँटचे फोल्डरही प्रतिमेत ठेवावे. युनिकोडमध्ये केलेली प्रत मूळ फाइलीशेजारी स्वतंत्र असावी, मूळ फाइलीची जागा तिने घेऊ नये. या रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार चुकण्याचा संभव असतो, आणि नावातील एका रफाराने माणूस बदलू शकतो.

नक्कल खरी असल्याचा पुरावा

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००च्या कलम ७ने इलेक्ट्रॉनिक अभिलेख जतन करण्याच्या अटी घालून दिल्या आहेत. माहिती पुढील काळात वापरता येईल अशा रीतीने उपलब्ध राहिली पाहिजे. तसेच ती मूळ रचनेत, अथवा मूळ माहिती अचूकपणे दर्शविते असे सिद्ध करून देता येईल अशा रचनेत, ठेवली पाहिजे. यांतील पहिली अट न उघडणाऱ्या एनआरजीने पूर्ण होत नाही, आणि दुसरी पडताळणी न केलेल्या आयएसओने पूर्ण होत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ने तर संगणकात साठविलेली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळविण्याचा हक्क नागरिकास दिला आहे. अभिलेख आहे पण उघडत नाही, या उत्तराने अर्जदाराचे समाधान व्हावे तरी कसे? केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१०मध्ये ई-शासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले, त्यामागेही हाच विचार होता.

अचूकता सिद्ध करण्याचे साधन म्हणजे हॅश, फाइलीचा अंकी ठसा. 'एसएचए-२५६' या पद्धतीने कितीही मोठ्या फाइलीचा ६४ चिन्हांचा ठसा मिळतो आणि फाइलीतील एक बाइट बदलली तरी तो पार बदलतो. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४पासून अंमलात आला असून त्याच्या कलम ६३खालील प्रमाणपत्राच्या नमुन्यात इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचा हॅश नमूद करावा लागतो. उद्या एखाद्या जमिनीच्या वा कराच्या वादात ही प्रत न्यायालयापुढे गेली, तर आज लिहून ठेवलेला ठसा उपयोगी पडेल.

हॅश घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एनआरजीचा ठसा व तीपासून काढलेल्या आयएसओचा ठसा कधीही जुळणार नाहीत, कारण त्या दोन वेगळ्या फाइली आहेत. जुळवावयाचे असते ते आतील फाइलींचे ठसे. जुनी फाइल तिच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून आतील प्रत्येक फाइलीचा ठसा घ्यावा, नवी प्रतिमा उघडून तसाच घ्यावा आणि दोन याद्या ताडून पाहाव्यात. विंडोज ८पासून पुढील प्रणालींत आयएसओ फाइल दोनदा क्लिक करताच सीडीप्रमाणे उघडते, त्यामुळे हे काम लिपिकासही जमण्यासारखे आहे. मूळ सीडी उपलब्ध असल्यास तीच वाचून ताडणे अधिक चांगले. मात्र काही पद्धतींनी लिहिलेल्या सीडींच्या अखेरीस दोन सेक्टर केवळ जोडणीचे असतात व ते वाचताना यंत्र चूक दाखविते. त्या चुकीने घाबरून प्रत बाद करू नये, वर्णनातील तुकड्यांचा आकडा पाहून निर्णय घ्यावा. सीडी मध्येच खरोखर अडखळत असेल, तर 'डीडीरेस्क्यू' हा प्रोग्राम चांगला भाग आधी वाचून घेतो व खराब भागाकडे पुन्हा पुन्हा वळतो.

मूळ फाइल रूपांतरानंतरही ठेवावयाची असते. रूपांतरात काही राहून गेल्याचे पाच वर्षांनी लक्षात आले, तर परत जाण्यास दुसरी जागा नाही. मूळ व नवी अशा दोन्ही फाइलींच्या प्रती निदान दोन निरनिराळ्या साधनांवर आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. शेजारच्या खोलीत ठेवलेली प्रत पुरापासून वाचत नाही, हे नदीकाठच्या गावांना सांगावयास नको.

कामाचा क्रम ठरविताना संगणकापासून सुरुवात करण्याऐवजी माणसांपासून करावी. बॅकअप घेणारा कर्मचारी सेवेत असेल किंवा निवृत्त होऊन त्याच तालुक्यात राहत असेल, तर त्याला प्रथम भेटावे. परवलीचा शब्द कोणता होता, कोणते सॉफ्टवेअर व त्याची कोणती आवृत्ती होती, तुकडे किती होते, हे त्याच्याखेरीज कोणी सांगू शकत नाही. चांगल्या कुलपाचा परवलीचा शब्द हरवला, तर वर वर्णिलेले कोणतेही साधन चालत नाही. त्यानंतर सॉफ्टवेअरच्या मूळ सीडी व त्यांवरील परवाना क्रमांक शोधावेत. त्या पुष्कळदा खरेदीच्या देयकाच्या फाइलीत, टाचणीने लावलेल्या लिफाफ्यात सापडतात. म्हणून जुनी देयके निर्लेखनास पाठविण्यापूर्वी ते लिफाफे काढून घ्यावेत. नव्या प्रतिमेची नोंद अभिलेख नोंदवहीत करताना मूळ फाइलीचे नाव व प्रकार, तिचा हॅश, ज्या सॉफ्टवेअरने ती सोडविली त्याचे नाव व आवृत्ती, नव्या प्रतिमेचा हॅश, दिनांक आणि काम करणाऱ्याची स्वाक्षरी, एवढे एका ओळीत यावे. शेऱ्याच्या रकान्यात, प्रतिमा शेवटी कोणत्या दिवशी प्रत्यक्ष उघडून पाहिली ती तारीख लिहावी आणि दरवर्षी दप्तर तपासणीच्या वेळी त्याखाली नवी तारीख घालावी.